आमच्या यात्रेतलं अमेरिकेचं बंड

माझं माहेर बेलापूरचं. कालव्याचं पाणी, उसाचे फड आणि सपाट रस्ते. शाळेत सायकलवर जायचे, तर वाटेत एक चढ लागत नसे. लग्न होऊन आले ती अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. ज्या धरणाचं पाणी आमच्या उसाला मिळायचं, ते धरण इथल्या माणसांच्या उशाशी. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना सासरे हमखास सांगायचे, "आमचंच पानी पिऊन मोठी झालीय. आमी सोडलंच नसतं तर कुठली सून आन् कुठलं काय!"

आमच्या भागात सून सासऱ्यांना मामा म्हणते आणि सासूला आत्या. मामांची भातशेती. पण गावात त्यांची ओळख शेतकरी म्हणून कमी आणि नट म्हणून जास्त. चैत्रातल्या यात्रेला गावकऱ्यांनीच नाटक बसवायचं, ही गावाची जुनी हौस, आणि मामा त्यातले ठरलेले नायक. आवाज असा, की ते देवळापाशी बोलले तर ओढ्यापलीकडच्या गोठ्यात बैलांनी कान टवकारावेत.

मी गावात आले तेव्हा मात्र नाटक बंद पडलेलं होतं. शेवटचं नाटक आमच्याच डोंगरातल्या इंग्रजांविरुद्धच्या बंडाचं होतं आणि त्यात एक फितूर होता. तो फितूर म्हणजे वरच्या आळीतल्या अमक्याचा पणजा, असं खालच्या आळीतलं कोणीतरी पारावर बोललं. वरच्या आळीनं ते ऐकलं. झालं. त्यानंतर दोन्ही आळ्या एकमेकींच्या लग्नात पंगतीला बसायच्या, मयताला खांदा द्यायच्या, पण नाटकाचं नाव काढलं की तोंडं फिरवायच्या.

मी गावच्या शाळेत इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी शिमग्याच्या आधी देवळात बैठक बसली आणि मला बोलावणं आलं. तिथं गावचे तालीम मास्तर होते. हे मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बसचे कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि आजवरची सगळी नाटकं त्यांनीच बसवलेली. तालमीत त्यांच्या हातात एक पितळी घंटा असायची. एक टोल दिला की सगळ्यांनी थांबायचं, दोन दिले की पुढं चालू.

"बाई," मास्तर म्हणाले, "एक नाटक लिवून द्या. त्यात इंग्रज पायजे, लढाई पायजे, पन आपल्या गावातल्या कुनाचा आजा-पंजा नको."

मला हसू आलं, पण त्याच आठवड्यात वर्गात घ्यायचा धडा डोक्यात घोळत होता. मी म्हटलं, "तसं एक आहे. फक्त लांबचं आहे. अमेरिकेचं."

मग वरच्या आळीतून आवाज आला, "तिथं आमचं कोन न्हाई."

"माझा भाचा हाय," खालच्या आळीतलं कोणीतरी म्हणालं.

"तो काम्पुटरवाला? तो काय फितूर व्हनार!"

सगळे हसले आणि ठराव झाला.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमली. नाटकाची गोष्ट काय, ते आधी ऐकायचं होतं. आत्या दाराच्या आत बसून तांदूळ निवडत होत्या. आत्यांसोबत डोंगराच्या उतारावरच्या ठाकरवाडीतली एक मावशी होती. ती आमच्याकडं भात लावणीला यायची, आणि त्या दिवशी हिरडा वाळवायला म्हणून आली ती बसलीच.

मी सांगायला सुरुवात केली. इंग्लंडातले लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले, तिथं जंगलं तोडून शेती केली, गावं वसवली. राजा मात्र तिकडेच, इंग्लंडात.

मामांनी मला तिथंच अडवलं. "थांब थांब. म्हंजे हे बी इंग्रजच?"

"हो."

"आन् बंड कुनाविरुद्ध?"

"इंग्रजांविरुद्ध."

मामा मांडीवर थाप मारून हसले. "इंग्रजांनी इंग्रजांविरुद्ध! आरं, हे आदी का न्हाई सांगितलं कुनी? आपुन उगीच समजत हुतो का आपल्यालाच तरास दिला."

मग मी एकेक तक्रार सांगत गेले. राजानं एक मोठी लढाई जिंकली, पण तिजोरी रिकामी झाली, आणि ती या लोकांकडून भरून काढायची असं इंग्लंडात ठरलं. डोंगरापलीकडं जमीन धरू नका, असा हुकूम निघाला. मग कागदावर शिक्का: खरेदीखत असो, वर्तमानपत्र असो, नाहीतर पत्त्यांचा डाव, सरकारी शिक्क्याचा पैसा भरल्याशिवाय कागद चालायचा नाही.

"ते तर आपल्याकडं अजून हाय," मास्तर म्हणाले. "स्टँपपेपर. अकोल्याला रांग लावली हुती मी."

"पत्त्यांवर बी?" एकानं विचारलं. पारावर पत्ते खेळणाऱ्यांना हे फार लागलं. त्या संध्याकाळी अमेरिकेची बाजू घेतली ती आधी त्यांनी.

पुढं सैनिक आले. त्यांच्या राहण्याची आणि जेवणाखाण्याची सोय त्या लोकांनीच करायची. मग चहावर कर. मग त्या लोकांनी जहाजावर चढून चहाच्या पेट्याच्या पेट्या समुद्रात ओतल्या. राजानं चिडून त्यांचं बंदरच बंद केलं. आणि शेवटी एका पहाटे शेतकरी घरातल्या बंदुका घेऊन रस्त्यावर आले.

"पन कर किती हुता चहावर?" मास्तरांनी विचारलं.

"फार नव्हता. उलट त्या वेळी तोच चहा स्वस्त पडत होता."

"मंग येवढा राग कशाचा?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मामाच बोलले. "रागवायचं काय, मास्तर? तुमच्या वावरातनं मी बांध घातला. लई चांगला घातला, तुमच्या फायद्याचाच घातला. पन तुमाला न इचारता घातला. तुमी काय करशाल?"

"टाळकं फोडीन."

"झालं तर. त्यांनी तेच केलं."

वर्गात मी हे कारण अनेक वर्षं शिकवत होते. इंग्लंडातल्या सभेत या लोकांचा एकही माणूस बसत नव्हता, आणि त्यांना न विचारता कर बसवला हेच खरं दुखणं होतं, असं फळ्यावर लिहून देत होते. मामांनी ते बांधावर आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी बांधच सांगितला. पोरांना तो एका दमात कळला.

आतून मावशीचा आवाज आला. "बाई, त्या डोंगरापलीकडं जमीन धरू नका म्हनला राजा. पलीकडं कोन राहात हुतं?"

मी म्हटलं, "तिथलीच माणसं. पहिल्यापासूनची. रानात शिकार करणारी, मका लावणारी, आपली आपली गावं असलेली."

"मंग त्यांचं काय झालं?"

"लढाई संपल्यावर हे जिंकलेले लोक डोंगर ओलांडून गेले आणि त्यांच्या जमिनी घेतल्या. शिवाय याच लोकांकडं गुलाम होते. स्वातंत्र्य मिळालं तरी ते कितीतरी वर्षं गुलामच राहिले."

मावशी तांदळातला खडा उचलून बाहेर टाकत म्हणाली, "मंग हे बी नाटकात घ्या की."

"बघू," मास्तर म्हणाले, आणि बैठक उठली.

नाटक मी पंधरवड्यात लिहून दिलं. पात्रं वाटायची वेळ आली तेव्हा राजाची भूमिका मामांनी मागून घेतली. गाव चकित झालं, कारण मामांनी आजवर कधी इंग्रजाचं काम केलं नव्हतं. मामांचं म्हणणं सरळ होतं. "हीरोला निस्तं वरडायचं आसतं. या राजाला कळतच न्हाई आपलं काय चुकतंय. ते करायला मजा हाय." पण एक अट घातली: मिशी काढणार नाही. इंग्लंडच्या त्या राजाला मिशी नव्हती, असं मी परोपरीनं सांगितलं. मामा म्हणाले, "आपल्या यात्रंला येताना ठेवली आसंल."

अडचण आली ती बायकांच्या प्रवेशाची. मी लिहिलं होतं, की गावातल्या बायका एकत्र जमून शपथ घेतात: आजपासून राजाचा चहा घरात येणार नाही, त्याचं कापड अंगावर घेणार नाही, सूत आम्ही कातू. पूर्वी आमच्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे. मास्तरांनी तशी माणसं हेरायलाही सुरुवात केली. तेव्हा आत्या जेवण वाढता वाढता म्हणाल्या, "चहा बायांनी बंद केला ना? मग काम बी बायांनीच करावं."

मामांचा घास हातातच राहिला. "तू करशील?"

"का? माझं तोंड काय चालत न्हाई का?"

"चालतं की," मामा घाईघाईनं म्हणाले.

आत्या आल्या, वाडीवरची मावशी आली, मास्तरांची बायको आली आणि वरच्या आळीतल्या दोघी जावा आल्या. पाच जणी. मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणायची सोय नव्हती, कारण त्यांच्या घरातूनच एक जण आली होती.

तालमी देवळाच्या सभामंडपात सुरू झाल्या. पहिल्या संध्याकाळी मास्तर म्हणाले, "आता बाया हायतच, तर चहाचं तेवढं बघा." पाचही जणी उठल्या आणि माझ्यासकट सगळ्यांना चहा मिळाला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीपासून ते कोणी सांगायचीही गरज राहिली नाही. पुरुष संवाद म्हणत, बायका चुलीपाशी आधण ठेवत, आणि त्यांच्या प्रवेशाची पाळी आली की कोणीतरी ओरडायचं, "पातेलं खाली ठिवा, तुमचं आलं!"

तालमीची वेळ मास्तरांनी ठरवली होती दिवेलागणीची. नेमकी धार काढायची आणि भाकरी थापायची वेळ. आत्यांनी मला सांगितलं, "मास्तरला म्हन, अर्ध्या तासानं उशिरा ठिव." मी जाऊन म्हटलं. मास्तरांनी घंटेचा एक टोल दिला. "बस कुनासाठी थांबत न्हाई, बाई." उलट, उशिरा येणाऱ्याचं काम काढून घेतलं जाईल, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं.

बायका काही बोलल्या नाहीत. भाकऱ्या दुपारीच थापून ठेवू लागल्या. थंड भाकरी खाताना मामा कुरकुरले, तर आत्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या मास्तरला सांगा."

मग एका संध्याकाळी मास्तरांनी वेळ फार होतो म्हणून नाटकाला कात्री लावली. राजाचं भाषण तसंच ठेवलं. लढाई तशीच ठेवली. बायकांची शपथ कापून दोन वाक्यांवर आणली. आणि मावशीसाठी मी नंतर जोडलेला तो प्रवेश, डोंगरापलीकडच्या बाईचा, तो पूर्णच काढून टाकला. मला विचारलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत आत्यांनी पदर खोचला.

"मास्तर, हे कुनी ठरवलं?"

"मी ठरवलं. नाटकाच्या भल्यासाठीच ठरवलं."

"आमाला इचारलं का?"

"त्यात काय इचारायचं, वयनी? चहा आना, मग बोलू."

आत्यांनी चुलीवरचं पातेलं उचललं. त्यातलं आधण मंडपाबाहेरच्या चाफ्याच्या बुडाशी ओतलं, पातेलं पालथं घातलं, आणि पाचही जणी निघून गेल्या. मी कागद हातात घेऊन मधेच उभी. नाटक माझं, सासरे आत, सासू बाहेर.

पुरुषांनी आधी ते हसण्यावारी नेलं. रस्त्यावरच्या टपरीतून चहा मागवला. पण घरी गेल्यावर कळलं, की बंदी नुसती तालमीपुरती नव्हती. सकाळी मामा नेहमीसारखे चुलीपुढं येऊन बसले. आत्यांनी समोर ताक ठेवलं.

"चहा?"

"राजाचा चहा आमच्या घरात येनार न्हाई," आत्या म्हणाल्या. संवाद अगदी मी लिहिलेला.

मामा माझ्याकडं बघायला लागले. मी माझ्या कपात काय आहे ते दाखवलं. ताकच होतं. मास्तरांच्या घरी तीच तऱ्हा. वरच्या आळीतल्या दोघी जावांच्या घरीही. पुरुषमंडळी सकाळी टपरीवर भेटू लागली, आणि तिथं पहिल्यांदाच वरची आणि खालची आळी एका बाकावर बसलेली दिसली. दुःख एकच होतं.

मास्तर हट्टाला पेटले. त्यांनी जुन्या पद्धतीनं दोन गड्यांना लुगडी नेसवली. त्यातला एक ट्रॅक्टर चालवायचा. शपथ घ्यायला पुढं आला तो निऱ्यांत पाय अडकून राजाच्या मांडीवरच पडला. मामा म्हणाले, "मास्तर, ह्यानं बंड व्हनार न्हाई. तहच व्हईल."

इकडं बायकांची वेगळीच तालीम सुरू झाली होती, ठाकरवाडीत, मावशीच्या अंगणात. मला बोलावणं आलं तशी मी गेले. तिथं भाकऱ्या झाल्यावर सावकाश सुरुवात व्हायची. कोणी कोणाला थांबवायचं नाही. मास्तरांच्या बायकोला लिहिलेले संवाद पाठ होईनात, तर त्या स्वतःच्या मनानं बोलायला लागल्या, आणि ते माझ्या लिहिण्यापेक्षा झकास निघालं. मी लिहिलं होतं, "राजाच्या जुलमाला आम्ही कंटाळलो आहोत." त्या म्हणायच्या, "आमचीच गाय, आमचंच दूध, आन् आमालाच फुकट आधन ठिवायला सांगतो मेला!" मी ते तसंच कागदावर उतरवून घेतलं.

मामांचा धीर चौथ्या-पाचव्या सकाळी सुटला. संध्याकाळी ते मास्तरांना घेऊन चढ चढून वाडीवर आले. दोघंही धापा टाकत होते. मावशीनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. चहाचं कोणी विचारलं नाही.

मामा घसा खाकरून म्हणाले, "तुमचं म्हननं काय हाय ते ऐकायला आलोय."

"मास्तरला बोलू द्या," आत्या म्हणाल्या.

मास्तर बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं अंगण उकरत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, यात्रंचं एवढं गाव लोटनार, पावनेरावळे येनार. तुमी लाजशाल. गडबडशाल. लोक हसतील. म्हनून कमी केलं."

"लाजलो तर लाजू," मास्तरांची बायको म्हणाली. "पन ते आमचं आमी बघू."

"आन् माझं का काढलं?" मावशीनं विचारलं.

मास्तरांनी वर बघितलं. "ते... शेवटी जिंकल्यावर लोक टाळ्या वाजवत्यात. त्यात तुझं ते आलं की रंग उतरंल, असं वाटलं."

"उतरू द्या की थोडा."

मास्तर एकदम हसले. कशानं ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा थकले होते. हसले आणि म्हणाले, "बरं. घाल तुझं."

मग अंगणातच बोलणी झाली. तालीम भाकऱ्या झाल्यावर. कापलेलं सगळं परत. आणि चहा पुरुषांनी करायचा. मामांनी त्याला मान हलवली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण कशाला मान हलवली. मास्तर हळूच म्हणाले, "आन् घंटा कोन वाजवनार?"

"घंटा तुमचीच," आत्या म्हणाल्या. "वाजवा. पन दोन टोल देताना जरा मागं बघत जा, कोन चढायचं राहिलंय का."

दुसऱ्या दिवशी सभामंडपात मामांनी चहा केला. जन्मातला पहिला. आल्याचा तुकडा किती घालायचा ते त्यांनी कोणाला विचारलं नाही. पहिल्या घोटाला सगळा मंडप खोकला, आणि इंग्लंडच्या राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तरी पातेलं संपलं. हळूहळू त्यांना जमायला लागलं.

राहिलेल्या दिवसांत सगळं गाव कामाला लागलं. समुद्र म्हणून निळी ताडपत्री आली. चहाच्या पेट्या म्हणून टोमॅटोचे क्रेट आले. त्यात भरायला घराघरातून चहाचा चोथा उन्हात वाळवून ठेवला गेला, इतका की आळीआळीत अंगणं काळी दिसायची. राजाच्या सैनिकांचे लाल कोट कुठून आणायचे हा प्रश्न होता. अकोल्याच्या एका लग्नाच्या बँडवाल्यांकडं सोनेरी कडांचे लाल कोट होते. ते म्हणाले, कोट देऊ, पण आमच्याच अंगावर देऊ, आम्हालाही काम पाहिजे. त्यामुळं आमच्या नाटकात इंग्रजांची फौज आली ती ताशा वाजवत.

यात्रेच्या दिवशी ऊन उतरल्यावर पडदा उघडला. आत्यांनी कापसाचा केला होता तो पांढरा टोप डोक्यावर, खाली भरघोस मिशी, अशा थाटात मामा आले आणि गावानं शिट्ट्या मारल्या. शिक्क्याचा हुकूम निघाला तेव्हा पत्तेवाल्यांच्या कोपऱ्यातून निषेध झाला. फौज ताशाच्या ठेक्यावर आली तेव्हा दोन म्हातारे उठून नाचले. त्यांना मोठ्या मुश्किलीनं खाली बसवलं.

मग बायकांची शपथ. आत्या पुढं आल्या. मी विंगेतून बघत होते. त्यांची बोटं पदराशी चाळा करत होती. पहिलं वाक्य आलंच नाही. पुढच्या रांगेतला एक पाहुणा खुदकन हसला. मास्तर घंटा हातात धरून माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी टोल दिला नाही. ओठांनी नुसतं पुटपुटले, "सावकाश, वयनी, सावकाश."

आत्यांनी त्या पाहुण्याकडं बघितलं. "हसा," त्या म्हणाल्या. "राजा बी आसाच हसला हुता." आणि मग जो आवाज लागला, तो मामांच्या घरात इतकी वर्षं कसा दबून राहिला कोण जाणे. बाकीच्या चौघी एकेक करून पुढं आल्या. समोर बसलेल्या बायका मधेच ओरडून त्यांना साथ देऊ लागल्या, आणि मला वाटतं त्या दिवशी खरोखर चहा विकायला कोणी आलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं.

चहा समुद्रात टाकायच्या प्रवेशाला ऐन वेळी डोंगरावरून वारा सुटला. क्रेट उपडे केले आणि सगळा वाळका चोथा उडून पहिल्या रांगेवर गेला. तिथं गावचे मानकरी पांढरे सदरे घालून बसले होते. गाव पोट धरून हसलं. मानकरीही उठून डोकी झाडत हसले, आणि वरच्या आळीतल्या ज्या घराण्याचा पणजा फितूर म्हणून वाद पेटला होता, त्या घरचे आजोबा खालच्या आळीतल्या मानकऱ्याच्या मिशीतला चोथा काढून देत होते.

लढाई झाली. बंदुकांचे आवाज म्हणून दिवाळीचे उरलेले फटाके. राजाचा सेनापती हरून परत आला. आता राजाचा शेवटचा संवाद होता. मी लिहिलं होतं, की राजा रागानं सिंहासनावरून उठतो आणि शाप देतो. तालमीत मामांनी तो शाप दणाणून सोडलेला. त्या संध्याकाळी मात्र ते उठले नाहीत. टोप काढून मांडीवर ठेवला. मिशीवरून हात फिरवला. आणि नेहमीच्या, घरातल्या आवाजात म्हणाले, "येकदा जाऊन बसून इचारायला पायजे हुतं, का बाबांनो, तुमचं म्हननं काय हाय."

समोरून कोणीतरी ओरडलं, "आता काय उपेग!"

"व्हय," मामा म्हणाले. "आता काय उपेग."

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत मावशी आली. तिला साजशृंगार काही नव्हता, नेहमीचंच लुगडं. एका बाजूला जिंकलेले शेतकरी झेंडा घेऊन उभे, आणि ती त्यांच्यासमोर येऊन थांबली. तिला मी सहा-सात ओळी लिहून दिल्या होत्या. तिनं त्यातली एकच म्हटली. "तुमचं तुमाला मिळालं, बरं झालं. आता डोंगर चढून माझ्याकडं येताय. मला इचारलं का?"

कोणी टाळी वाजवली नाही. रंग उतरला, मास्तर म्हणाले होते तसाच. ताशेवाल्यांनीही हात थांबवले. मग डाव्या अंगाला, जिथं वाडीवरची माणसं नेहमी कडेनं बसायची, तिथून एका म्हाताऱ्यानं उभं राहून फेट्याचा शेमला हलवला. त्याच्या मागून सगळी वाडी उठली आणि मग अख्खं गाव. मास्तरांनी डोळे पुसले, मला म्हणाले, "लई धूळ हाय चोथ्याची," आणि पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. राब भाजायचे दिवस, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळायचा. आम्ही तिघं वावरात गेलो. आत्यांचा घसा पार बसला होता. त्यांना काही हवं असलं की त्या खुणा करायच्या. मामा त्या खुणांचा मुद्दाम भलताच अर्थ लावायचे, आणि आत्या हसून हसून खाली बसायच्या. दुपारी मास्तर बांधावरून आले. आत्यांच्या हातात मधाची बाटली दिली. घशाला बरं, म्हणाले. मग आमच्यासोबत सावलीत बसले आणि वाडीवरच्या मावशीच्या धाकट्या जावेलाही नाटकात यायचंय, तिचा आवाज म्हणे आणखी मोठा आहे, असं काळजीच्या सुरात सांगू लागले. आत्यांनी बसलेल्या घशानं विचारलं, "मग घेताय ना?"

"न घेऊन सांगतो कुनाला," मास्तर म्हणाले, आणि मामांनी पालापाचोळ्याला काडी लावली.